नीळ दिलेले कापड पाण्यात रंग सोडत नाही, पण हाताला आणि पांढऱ्या कापडाला लागते

धावदोरा (प्रश्न)

राजस्थानातून आणलेले, नीळ दिलेले दाबू छपाईचे (चिखलाचा लेप लावून नक्षी पांढरी राखलेले) सुती कापड आणि पांढरे मांजरपाट यांचे चौकोन जोडून मी गोधडी शिवत आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून निळे कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले, नंतर तुरटीच्या पाण्यातूनही काढले, आणि शेवटच्या धुण्याचे पाणी अगदी नितळ निघाले. तरीही तासभर शिवले की अंगठा व तर्जनी निळी होतात, मशीनवर कापड सरकते तिथे निळसर पट्टा उमटला आहे, आणि धावदोरा घालताना पांढरा दोरा कापडातून जाऊन जाऊन आभाळी होतो. पाणी नितळ असताना हा रंग येतो कुठून? ४८ पैकी १९ चौकोन जोडून झाले आहेत. ते उसवावेत का?

हंडा_आणि_नीळ

उसवण्याची घाई करू नका. रंग पाण्यात उतरणे आणि रंग घासून निघणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आपली दुसरी आहे. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. रंगवण्याच्या हंड्यात तिचे रूप बदलून ती विरघळवतात, तेव्हा कापड पिवळसर हिरवे होऊन बाहेर येते आणि हवेतला प्राणवायू लागला की डोळ्यांदेखत निळे पडते. म्हणजे ती पुन्हा अविद्राव्य होऊन धाग्यावर आणि धाग्याच्या आत अडकून बसते. धाग्याशी तिचा रासायनिक बंध जुळत नाही. गडद रंगासाठी कापड अनेकदा बुडवतात, तसे थरावर थर चढतात, आणि सगळ्यात वरचे सुटे कण घर्षणाने निघतात. नव्या जीन्सचा निळा डाग फिक्या सोफ्याला लागतो त्याचे कारणही हेच.

मीठ येथे काहीच करत नाही. तुरटी मंजिष्ठेसारख्या रंगांना धरून ठेवते, पण तीही रंगवण्याआधी वा रंगवताना. निळीला तिचा उपयोग नाही. बाजारातली रंग पक्का करण्याची द्रावणे पाण्यात विरघळणाऱ्या काही रंगांसाठी असतात. लाल कापडाचे पाणी लाल होत असेल तर ती अवश्य वापरून पाहा, निळीवर मात्र पैसे घालवू नका.

वाकळ_शिवणारी

ताई, मी ही चूक एकदा पूर्ण गोधडी शिवून झाल्यावर निस्तरली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून निळ्या कापडावर दहा वेळा दाबून घासा. मग दुसरा कोपरा ओला करून तेच करा. प्रयोगशाळेतही साधारण हीच चाचणी यंत्राने करतात, कोरडी आणि ओली, आणि १ ते ५ अशी श्रेणी देतात. त्यात ५ सर्वांत चांगली. ओला कोपरा बहुधा जास्त निळा होतो, आणि गोधडी तर घामाच्या अंगावर पांघरायची असते.

उरलेले न कापलेले कापड वेगळे, भरपूर कोमट पाण्यात, विरंजक (ब्लीच) नसलेल्या साबणाने धुवा. भिजत टाकून विसरू नका, कारण सुटलेले कण त्याच पाण्यात पुन्हा पांढऱ्या नक्षीवर बसतात. म्हणून हलवत राहा आणि पाणी लगेच बदला. माझ्या कापडाला असे सहा वेळा धुवावे लागले. रंग थोडा उतरतो, पण जो उतरला तो तसाही तुमच्या चादरीवरच जाणार होता.

सुईचे_नाक

एक छोटी भर. इस्त्री करताना निळ्या चौकोनाखाली जुने धोतर अंथरा आणि वाफ टाळा, नाहीतर इस्त्रीच्या गादीवरचा निळा नंतर मांजरपाटावर येतो. दोरा पांढराच हवा असेल तर हातभरच घ्या. जितका लांब दोरा, तितक्या वेळा त्याचे शेवटचे टोक कापडातून घासत जाते. मी स्वतः अशा कापडावर गडद निळा दोराच वापरते, टाकेही शोभतात. मशीनवरचा पट्टा मशीन बंद करून साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा.

आमच्याकडे व्हिनेगरने रंग बसतो असे म्हणतात, त्याचे काय?

हंडा_आणि_नीळ

सुती कापडाच्या निळीवर व्हिनेगरही निरुपयोगीच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पांढऱ्यावरचा डाग काढायला क्लोरीनचे ब्लीच लावू नका. ते निळीचेच विघटन करते आणि शेजारचा चौकोन फिका पडतो. डागावर साबणाचा फेस घेऊन बोटाने हलके चोळा, आणि डाग निघेपर्यंत तिथे इस्त्री नको.

धावदोरा

रुमालाची चाचणी केली. कोरडा कोपरा जेमतेम निळसर झाला, ओला मात्र चांगलाच निळा. उरलेले कापड चार वेळा धुतले, तेव्हा ओल्या रुमालावर केवळ धूसर छटा राहिली. जोडलेले १९ चौकोन उसवले नाहीत; ते एकेक करून कोमट पाण्यात हलवत धुतले आणि वर जुना टॉवेल दाबून पाणी टिपले. दोन ठिकाणी मांजरपाटावर अजून पुसटसे निळे आहे. ते चौकोन पायाकडच्या बाजूला लावणार आहे.