मदत हवी आहे: दहा दिवसांच्या शेती शिबिरात मुलांना नेमकं काय दाखवायचं?

नमस्कार. सुट्टीत मी 8 ते 12 वयाच्या मुलांसाठी सेंद्रिय शेती-बागकामाचं शिबिर घेते. दहा दिवस, रोज सकाळी तीन तास, 22 मुलं, सहा वाफे, थोड्या कुंड्या. पहिली तुकडी परवा संपली, दुसरी येत्या सोमवारी सुरू होतेय. तोवर चुका निस्तरायच्या आहेत.

सगळ्यात मोठी आधी सांगते. आधीच वाढवून ठेवलेल्या चवळीच्या शेंड्यांवर मावा आला. औषध मारायचं नाही हे ठरलेलंच, म्हणून मुलांना म्हटलं, "हाताने किडी वेचा, जो जास्त वेचेल त्याला आज झारी." मुलं तुटून पडली. तासाभराने एका मुलीने डबी उघडून दाखवली. आत 17 अळ्या: काळ्या, खरखरीत, पाठीवर नारिंगी ठिपके, इवल्याशा मगरीसारख्या. ढालकिड्याच्या! म्हणजे ज्या मावा खातात, नेमक्या त्याच. मावा बारीक, तो चिमटीत येईना; अळ्या ठळक दिसतात म्हणून त्या सापडल्या. बाकीच्यांनी तर जागीच चिरडल्या होत्या. पुढच्या चार-पाच दिवसांत शेंडे चिकट होऊन मुरडले, मुंग्यांच्या रांगा लागल्या, आणि एकाने विचारलं, "ताई, आपण तर सगळ्या किडी मारल्या होत्या ना?" मी विषय बदलला, खोटं कशाला बोलू.

दुसरं, खताचा ड्रम. मुलांनी उत्साहाने घरचा ओला कचरा आणून चार दिवसांत ड्रम भरला आणि पाचव्या दिवशी कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. मुलं नाक धरून लांब उभी.

तिसरं, मी टोमॅटो आणि मिरची लावायला घेतली. शेवटच्या दिवशी पालक विचारतात, मुलांनी काय पिकवलं? मिरचीचं तर तेव्हा कुठे डोकं वर येत होतं.

तर दहा दिवसांत हातात काहीतरी येईल असं काय लावू? आणि किडींचा तास कसा घेऊ? खेळ, गाणी, मातीचे गोळे यांच्या कल्पना भरपूर आहेत, त्या नकोत.

प्रतिसाद:
ताई, वेचायला बक्षीस ठेवलंत तिथेच घोळ झाला. पहिले दोन दिवस कोणी काही मारायचं नाही, फक्त भिंगातून बघायचं आणि चित्र काढायचं. मावा असलेली एक डहाळी बरणीत ठेवा, आत ढालकिड्याची एकच अळी सोडा, तोंडाला पातळ कापड बांधा. डहाळीवरचा मावा मुलांनीच मोजायचा, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजायचा. मग कोणाला काही सांगावं लागत नाही. पानाखाली उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तोही बहुधा ढालकिड्याचाच, त्याला हात लावू देऊ नका. चिकटपणा माव्याच्या स्रावाचा. मुंग्या तो गोड रस चाटायला येतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात, त्यामुळे मुंग्यांची वाट अडवलीत तरी फरक पडेल. मावा फारच झाला तर पाण्याच्या धारेने धुवा. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल सेंद्रिय असलं तरी या अळ्यांना बाधतं, ते शेवटचा उपाय म्हणूनच.

प्रतिसाद:
ड्रमला वास येतो कारण आत हवा नाही. ओल्या कचऱ्याची एक टोपली, तर सुक्या पाचोळ्याच्या दोन-तीन, आणि तळाला भोकं. ओल बघायला मूठ दाबायची: एखाद-दोन थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर पाचोळा घाला. खत दहा दिवसांत होणार नाही, दोन-तीन महिने लागतात. पण ऊब दाखवता येते. मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग रचलात तर दोन-तीन दिवसांत आतलं तापमान 50 अंशांच्या वर जातं. लांब दांड्याचा तापमापक खुपसून रोज आकडा फळ्यावर लिहा. माझ्याकडची मुलं आल्या आल्या ढिगाकडे पळायची. कच्च्या शेणात मात्र मुलांचे हात नकोत. कुजलेलंच वापरा, आणि नंतर साबणाने हात.

लावायचं म्हणाल तर मोहरी आणि मुळा उथळ ट्रेमध्ये दाट पेरा, आठ-दहा दिवसांत कोवळी पानं कात्रीने कापून घरी नेता येतात. वाफ्यातल्या मुळ्याला 25 ते 30 दिवस लागतात. आज पेरलात तर शिबिर संपताना तो जेमतेम सोळा-सतरा दिवसांचा असेल. एक-दोन उपटून दाखवा, बाकी राहू द्या. मिरची पुढच्या वर्षी शिबिराआधी दोन महिने लावून ठेवा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही आभार. मुळा आज संध्याकाळीच पेरते, भिंगं चारच आहेत, आणखी मागवली. ड्रम उपडा करून पाचोळा मिसळला, वास निम्मा झाला.

एक राहिलंच. बीट पेरलं की एकेका बीतून दोन-तीन रोपं येतात (बी म्हणजे मुळात फळांचा गुच्छ, हे मुलांना फार आवडतं). पण विरळणी करायची म्हटलं की कोणी उपटायला तयार नाही. गेल्या वेळी एकीने तीन रोपं फ्रॉकच्या खिशात लपवून घरी नेली. हे कसं करून घेता तुम्ही?

प्रतिसाद:
उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापायला द्या. शेजारच्या रोपाचं मूळही हलत नाही. कापलेली पानं लगेच धुवून खायला द्या. आणि खिशातल्या तिघांसाठी एक कुंडी वेगळी ठेवा.