आई-दादांच्या आठवणींचं एकच पुस्तक करावं का? आणि त्यांचा वाद छापावा का?

पंचवटीची लेक

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

माझे आई-वडील दोघेही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. लग्न मे १९६८ चं. दादा २०२३ च्या पावसाळ्यात गेले, आई त्यांच्यामागोमाग सात महिन्यांनी. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघांच्या नावाने घागर भरू, त्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांच्या हातात एक छोटं पुस्तक द्यावं असं मनात आहे. लिहायला मी बसले आहे आणि पहिल्याच प्रकरणात अडले आहे.

लग्नानंतर दोन वर्षांनी, १९७० साली, दोघांच्या बदल्या झाल्या. दादा लासलगावजवळच्या शाळेत, आई हरसूल भागातल्या एका पाड्यावर. पुढची नऊ वर्षं संसार शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट एवढाच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दादा लासलगावहून पॅसेंजरने नाशिकरोडला, तिथून नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर, आणि सीबीएसवरून हरसूलची मुक्कामी एसटी. पिशवीत कांदे, हंगाम असला तर द्राक्षं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले खडू. आईच्या शाळेला खडू वेळेवर मिळत नसत. मी १९७२ ची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील शनिवारी येतात.

अडचण इथून पुढची. आई-दादांमध्ये आयुष्यभर एक वाद चालला, तो पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवायचं कसं याचा. दादांचं म्हणणं, आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, पाटीवर गिरवून गिरवून. पाढे एका सुरात, तीसपर्यंत. आईच्या वर्गातली मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. पुस्तकातली मराठी त्यांना परकी. ती आधी मुलांना बोलतं करायची. एखादं पोर म्हणालं की बकरी पळाली, तर ते वाक्य फळ्यावर, तेच सगळ्यांनी वाचायचं. मग वाक्यातून शब्द, शब्दातून अक्षर. १९७५ च्या उन्हाळी सुट्टीत ती डहाणू तालुक्यात कोसबाडला जाऊन आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या काढल्या, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, ते तिने डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर तीही आठवड्यातून दोन दिवस फळा घेऊन माळावर जायची. एका साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात "वर्ग जागेवर आढळला नाही" असं लिहिलं. तो शेरा आई मरेपर्यंत विसरली नाही.

त्या नऊ वर्षांची आंतरदेशीय पत्रं पत्र्याच्या पेटीत सापडली. वर सा. न. वि. वि., खाली रॉकेल मिळालं का, मुलीचा खोकला कसा आहे, आणि मग सरळ भांडण. दादा लिहितात, "तुझी मुलं दिवाळीत वाचू लागली म्हणतेस, पण जोडाक्षर आलं की अडतील." आईचं उत्तर, "तुमची मुलं जोडाक्षर वाचतात. वाचलं ते काय, हे एकदा विचारून पाहा." एका पत्रात तर नुसता ऐ. आई विचारते, "ऐ ऐरणीचा म्हणून शिकवायचा. ऐरण इथल्या एकाही पोराने पाहिलेली नाही. शिकवू कसा?" दादांचं उत्तर एका ओळीचं, "मग ऐरण दाखवायची." आणि पुढच्या शनिवारी आले ते रविवारी सगळी पोरं घेऊन हरसूलच्या बाजारात लोहाराकडे गेले. मी खांद्यावर होते. ठिणग्या अजून आठवतात.

धाकटा भाऊ म्हणतो, भांडणं वगळ. आदर्श शिक्षक दांपत्य, पंचावन्न वर्षांचा संसार, एवढं पुरे. मला वाटतं, हा वाद काढला तर पुस्तकात उरेल काय? तुमच्यापैकी कुणाचे आई-वडील दोघे शिक्षक असतील, तर तुम्ही काय केलंत?

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझी पस्तीस वर्षं पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत गेली, म्हणून लिहितो.

लासलगावच्या मुलाच्या घरात मराठीच बोलत. त्याला शब्द ठाऊक होता, फक्त चिन्ह शिकायचं होतं. त्याला मुळाक्षरांची वाट लवकर लागू पडते. पाड्यावरच्या मुलाला चिन्ह नवीन आणि शब्दही नवीन. त्याला "ठ ठशाचा" म्हणजे दोन कोडी एकदम. गुरुजी त्यांच्या मुलांपुरते बरोबर होते आणि बाई त्यांच्या. आम्ही पुढे ग, म, भ, न अशा वळणाला सारख्या अक्षरांपासून सुरुवात करू लागलो, तेव्हा गिरवणं सोपं झालं. पण घरच्या भाषेचा प्रश्न त्यानेही सुटला नव्हता.

आता कामाचं सांगतो. दोन्ही शाळांत जा. जनरल रजिस्टर पाहा, त्यात पहिलीत दाखल झालेल्या मुलांची नावं मिळतील. तुमच्या आईंच्या वर्षांतल्या मुली किती, त्यातल्या चौथीपर्यंत किती टिकल्या, ते मोजा. भाताच्या आवणीच्या दिवसांत पट रिकामा व्हायचा, पोरं शेतात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी. त्या काळात चौथीला पोचलेली एक मुलगीसुद्धा त्या बाईंची कमाई आहे. हजेरीपत्रकं जुनी असली तर बहुधा नष्ट केलेली असतात, पण जनरल रजिस्टर कायम ठेवतात. आणि तो शेरा शोधाच. तसाच्या तसा छापा.

दोघांच्या टाचण वह्या, म्हणजे रोज काय शिकवायचं ते लिहायच्या वह्या, राहिल्या आहेत का? पत्रात माणूस जे कबूल करत नाही ते टाचणात सापडतं.

एक विचारायचं राहिलं. १९७९ नंतर ते एकत्र आले का? आज बदल्यांच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग आहे, तीस किलोमीटरचा हिशेब आहे. तेव्हा साहेबांच्या दारात उभं राहण्याशिवाय इलाज नसे.

निफाडकर

आमचेही आई-वडील शिक्षक, दोघे हायस्कूलला. वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्ही गौरव अंक काढला. सभापतींचा संदेश, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे संदेश, सत्काराचे फोटो, शाल, श्रीफळ. छान गुळगुळीत कागद. आई गेल्यावर मी तो अंक उघडला आणि त्यात ती कुठेच सापडली नाही. ती वर्गात कशी उभी राहायची, चिडली की काय म्हणायची, मुलींना शिवणाच्या तासाला गणित कसं शिकवायची, एक ओळ नाही. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून सांगते, संदेश मागवू नका. जुन्या विद्यार्थ्यांना "आठवणी लिहा" म्हटलं की ते निबंध लिहितात. त्यांच्या घरी जा, एकच प्रश्न विचारा, "बाईंनी तुम्हाला पहिल्यांदा काय वाचायला दिलं?" आणि मोबाईलवर बोलणं ध्वनिमुद्रित करा. जसं बोलतील तसं छापा, कोकणा बोलीत बोलले तर कोकणा बोलीत.

मखमलाबाद

मी थोडं वेगळं म्हणतो, रागावू नका. तुमच्या भावाचं अगदीच चूक नाही. पत्रं एकमेकांना लिहिलेली होती. गावाने वाचावीत म्हणून नव्हे. शिकवण्यावरचा वाद जरूर छापा, पण रॉकेल, खोकला, पैसे, त्याच्या आजूबाजूचं जे असेल ते भावाला विचारूनच घ्या. तोही त्यांचाच मुलगा आहे.

पंचवटीची लेक

मखमलाबाद, पटलं. घरगुती मजकूर भाऊ वाचेल, तो म्हणेल तेवढाच राहील.

केंद्रप्रमुख सर, हो, १९७९ मध्ये एकत्र आले. पेठ रस्त्याला कोटंबी घाटाच्या पुढे एका द्विशिक्षकी शाळेत. पहिली-दुसरी आईकडे, तिसरी-चौथी दादांकडे, मध्ये फक्त ओटा. त्याआधी इतके दिवस सलग एकत्र राहिल्याचं मला एकदाच आठवतं, १९७७-७८ च्या संपात. ५४ दिवस. पगार बंद, रोज नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, आणि माझ्यासाठी सण, कारण दादा सोमवारी जात नव्हते.

दादा २००३ ला निवृत्त झाले, सिंहस्थाच्या वर्षी, आई २००६ ला. मग मे महिन्यात रोज संध्याकाळी दोघं गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला. व्याख्यान कुठल्याही विषयावर असो, परतताना रविवार कारंजापर्यंत हे दोघं पहिलीच्या वर्गाशी आलेले असत. मी सोबत असले की मला दोघांच्या मधून चालवायचे.

सर, तुमचं वाचून काल पेटीचा तळ काढला. टाचण वह्या आहेत. आईच्या सतरा, दादांच्या नऊ, काही वाळवीने खाल्लेल्या. दादांच्या १९८० च्या वहीत ऑगस्टचं पान निघालं. त्या महिन्यात आई बाळंतपणाच्या रजेवर होती, भावाच्या वेळी, आणि चारही वर्ग दादांकडे होते. त्यांच्या त्या ताठ अक्षरात लिहिलंय:

"इ. १ ली. मराठी. बाईंच्या क्रमाने. आधी मुलांची वाक्ये. ऐ शेवटी."

बाईंच्या. सरकारी वहीत तिला दुसरं काय म्हणणार. मग आईची १९८१ ची वही काढली. दर शनिवारी एकच ओळ, "पाढे, गुरुजींकडून."

दोघांनीही हे एकमेकांना कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी घरात ऐकलं नाही.

रात्री भावाला बोलावलं. त्याने ते पान बराच वेळ धरून ठेवलं. तारीख त्याच्या जन्मानंतर सहा दिवसांची आहे. मग म्हणाला, "हे पान पहिलं घे, ताई. पत्रं नंतर."

पुस्तक एकच होणार आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघं हरसूलला जातोय, रजिस्टर पाहायला. १९७० ते ७९ मध्ये त्या भागातल्या पाड्यावर बाईंकडे पहिलीत असलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर इथे कळवा. आम्ही घरी येऊ.