4703 की 4702? लगद्याचा नुसता रंग बघू नका

वर एका दादांनी लिहिलंय की पांढरा लाकडी लगदा आयात करताना कस्टम्सच्या कागदांवर डोळे मिटून 4703 हा वर्गीकरणाचा क्रमांक (HS कोड) टाकायचा. असं करू नका! मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आयातीची कागदपत्रं बघतो, या एका आकड्यावरून आमची गाठोडी बंदरात अडकून पडली होती. एजंटनं इन्व्हॉइसवर नुसतं 'वुड पल्प' लिहिलं होतं.

आधी लगदा कसा केलाय ते विचारा. नुसता यंत्रानं दळलेला 4701. रसायनांनी केलेल्यांत सोडा किंवा सल्फेट पद्धतीचा 4703, सल्फाइटचा 4704. व्हिस्कोस (रेयॉन) धाग्यासाठी विरघळवून वापरायचा लगदा, म्हणजे डिझॉल्विंग ग्रेड, मात्र 4702, आणि तो ठरतो प्रयोगशाळेत. 18 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात 20 अंशांवर तासभर ठेवल्यावर न विरघळलेला भाग सोडा-सल्फेट लगद्यात किमान 92 टक्के आणि सल्फाइटमध्ये 88 टक्के हवा. सल्फाइटला शिवाय राखेचीही मर्यादा आहे, जास्तीत जास्त 0.15 टक्के. हाताला 4702 आणि 4703 चे ताव सारखेच लागतात, जाड टीपकागदासारखे. म्हणून पुरवठादाराकडून चाचणीचा दाखला आधीच मागवा.

4703 मध्ये पुढं लाकूड सूचिपर्णी झाडाचं की इतर, लगदा ब्लीच केलेला की नाही, हेही बघतात. पाइन वेगळा, आपल्याकडची निलगिरी वेगळी.

आणि आपल्या कारखान्यांच्या उसाच्या चिपाडाचं कुणीतरी विचारलंय. त्याचा लगदा लाकडात धरत नाहीत, तो 4706. बांबूचाही तिथंच. नुसतं चिपाड पाठवणार असाल तर प्रकरणच बदलतं, 2303 बघा.