मदत हवी आहे: अंगात पाणी जास्त झालंय, मग किडनी ते बाहेर का टाकत नाही?

मालवी_मराठी:

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची आणि आता कॉलेजात सगळं इंग्रजीत. त्यामुळे पॅथॉलॉजी आलं की मी पाठांतराच्या मागे लागते. हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय थकून रक्त पुरेसं ढकलू न शकण्याची, लक्षणं विचारा, घडाघडा सांगेन. एकातून दुसरं का निघतं ते विचारलंत तर गप्प बसेन.

परवा मेडिसिन वॉर्डात ड्यूटी होती. हार्ट फेल्युअरच्या एक मराठी आजी आहेत. त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतावं तसा, आणि भरून यायला किती तरी वेळ लागला. मी चार्टवर ‘पिटिंग इडीमा’ लिहिलं. आजींना दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय, तांब्या झाकून बाजूला ठेवलेला. त्या म्हणाल्या, "अगं मुली, अंगात पाणी जास्त झालंय म्हणता, मग लघवीला का होत नाही मला? किडनी तर बरी आहे म्हणाले ना?"

मला उत्तर देता आलं नाही. "विचारून सांगते" म्हटलं आणि पुढच्या बेडकडे गेले. तेव्हापासून चैन नाही. रात्री पुस्तक काढलं. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, बाणापुढे बाण. बाण पाठ झाले, आजींचा प्रश्न जागच्या जागी. बिघडलंय हृदय, किडनी धडधाकट आहे. मग तिने जास्तीचं पाणी काढून टाकायला नको का? ती उलट धरून का बसते? वर्गात विचारलं तर "परीक्षेला एवढं येत नाही, फ्लोचार्ट पाठ कर" असं उत्तर मिळालं. मला परीक्षेपुरतं नको आहे. सोमवारी पुन्हा तोच वॉर्ड आहे. कुणी मराठीत नीट समजावून सांगेल का?

रात्रपाळी:

अगं, आजींनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. मी इंदुरातच स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं हृदयरोग्यांमध्येच गेली. मला हे उमगायला नोकरी लागावी लागली.

अंगात एकूण पाणी किती, हे किडनीला दिसत नाही. तिला कळतं ते आपल्या दारात रक्त किती जोराने येतंय एवढंच. निरोगी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, त्यातलं सुमारे 1 लिटर दोन किडन्यांकडे जातं. हृदय थकलं की हा ओघ घटतो. रक्तस्राव झाला तरी घटतो, जुलाबाने माणूस सुकला तरी घटतो. किडनीला तिन्ही वेळा सारखंच वाटतं: पाणी कमी पडलंय.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने चढवून आणतात. नळाला धार बारीक आली की तुझी आई काय करते? पाणी जाणार म्हणून पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून घेते. नदी आटली की पंप दमला, हे तिला मोरीत उभं राहून कसं कळणार? किडनीही तेच करते. रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन दोन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. त्याच्याच इशाऱ्यावर सुटणारं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन मीठ धरून ठेवतं, मिठामागे पाणी आलंच. जुलाबाच्या पेशंटचा जीव याच व्यवस्थेने तगतो. ती बिघडलेली नाही, तिला खबर चुकीची मिळाली आहे.

आता हे साठवलेलं पाणी येतं कुठे? त्याच थकलेल्या हृदयाकडे. त्याला ते पुढे ढकलवत नाही, मागे तुंबतं, शिरांतला दाब वाढतो आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं. उजवी बाजू थकली तर पाय सुजतात, लिव्हर वाढतं, मानेची शीर फुगते. डावी थकली तर फुप्फुसात. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, म्हणून धाप लागते. आजींना विचार, उशा किती घेता? दोनाच्या तीन झाल्या तर लिहून ठेव आणि सांग.

बाण पाठ केलेस ते वाया नाही गेलं. औषधं त्याच बाणांवर घाव घालतात. एनालाप्रिल अँजिओटेन्सिन दोन बनू देत नाही, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं, फ्युरोसेमाइड किडनीला मीठ-पाणी सोडायला लावतं.

आणि वजन! खळगा दिसेपर्यंत अंगात दोन-तीन लिटर साचलेलं असतं, काटा आधी सांगतो. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर. एक लिटर म्हणजे एक किलो. पेशंट पडूनच असेल तर सूज पायावर शोधू नकोस, माकडहाडापाशी दाबून बघ.

बडोदेकर मास्तर:

सिस्टरनी उत्तम सांगितलं. फिजिऑलॉजी शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून एक भर घालतो. हृदय अगदी मुकं नसतं. कप्पे ताणले गेले की ते स्वतःच ‘पाणी सोड’ असा निरोप धाडतं. 1981 साली कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडू लागलं. नुसता पंप समजलं जाणारं हृदय हार्मोनही बनवतं, हे असं कळलं. तुमच्या वॉर्डात हार्ट फेल्युअरसाठी रक्तातल्या बीएनपीची तपासणी होते ना, ते हार्मोन याच कुळातलं. हार्ट फेल्युअरमध्ये हा निरोप मोठ्याने दिला जातो, पण रेनिनच्या आरड्याओरड्यापुढे तो कमी पडतो.

आणि बाळ, प्रत्येक सूज हृदयाची समजू नकोस. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीची गाळणीच गळू लागते तो आजार, झालेल्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले असतात, तिथे प्रथिनं लघवीतून वाहून जातात आणि पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन रक्तात उरत नाही. हत्तीपायात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांची वाटच अडते. दाब वाढला, प्रथिनं घटली, केशवाहिनीची भिंत गळू लागली की परतीची वाट तुंबली, यातलं काय झालं हे आधी विचार. मग रोगाचं नाव.

मालवी_मराठी:

ताई, सर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षात पहिल्यांदा एखादा फ्लोचार्ट न बघता काढता आला. सोमवारी आजींना असं सांगू का? "आजी, तुमची किडनी चांगलीच आहे. तिला वाटतंय घरात पाणी कमी आहे, म्हणून ती साठवून ठेवतेय. औषधाने हृदयाला बळ आलं की ती सोडेल." चालेल ना?

रात्रपाळी:

चालेल. फक्त ‘बळ आलं की’ म्हणू नकोस, ‘ओझं उतरलं की’ म्हण. या औषधांनी तेच होतं. तहान फार लागली तर सिस्टर इनचार्जना विचारून बर्फाचा खडा चघळायला दे, त्याने तोंड ओलं राहतं. पण तो खडाही दीड लिटरात मोज आणि इनटेक चार्टवर लिही.