माळढोक अभयारण्य: खरेदीखतं अडवली, ऊस कुणी अडवला?

उत्तर_सोलापूरकर:
१९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली सुमारे ८,४९६ चौ. किमी जमीन माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाली. त्यात गावं, बाजारपेठा, बागायत सगळंच आलं. पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि क्षेत्र जेमतेम १,२२२ चौ. किमी उरलं. आज अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक पक्षी दिसला तर पेपरात बातमी येते.

माझं म्हणणं असं की कायद्यानं जमिनीचे व्यवहार अडवले, पीक बदललं ते बघितलंच नाही. उजनी धरणाचं पाणी आणि बोअर आले. करमाळा-माढ्याकडं ऊस वाढला, नान्नजकडं द्राक्षं. हा पक्षी उघड्या माळावर एकच अंडं घालतो, त्याला उसात काय मिळणार? बंदी पुरे. ज्वारी, करडई, हरभरा पेरणाऱ्याला आणि पावसाळ्यात विणीपुरता तुकडा पड ठेवणाऱ्याला पैसे द्या.

करमाळ्याचा_पाटील:
पैसे द्या म्हणायला काय जातंय! पोरीच्या लग्नाला दोन एकर काढायचे म्हटलं तर खरेदीखत व्हायचं नाही, कर्जाला बँक दारात उभी करायची नाही. आम्ही हे वर्षानुवर्षं काढलंय. काळविटांचा कळप एका रात्रीत कोवळी ज्वारी खाऊन जातो. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर बुडखे परत फुटलेले असतात, मग नुकसान दाखवायचं कुठं? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे. ज्वारीचं पोतं त्या खात्रीनं कोण घेतो?

पाखरू:
पाटील, तुमचा त्रास खरा, पण क्षेत्र कमी करून माळढोक वाचला का? सुटलेल्या माळावर आधी प्लॉटिंगवाले पोचले. सरकारदरबारी माळ म्हणजे पडीक, म्हणून सोलर, खाणी, एमआयडीसी सगळ्यांना तोच दिसतो. पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आपटून मरतो. कोर्टानं २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातसाठी तारा जमिनीखालून न्या म्हटलं, २०२४ मध्ये तेच सैल केलं. कडक नियम असून ही गत, आणि तुम्ही म्हणता बंदी पुरे. अनुदान घेतील आणि ऊसही लावतील.

मेंढका:
सगळे शेत आणि पक्षी बोलताय, मेंढरांचं कोण बोलणार? कुरणाला तार मारली, वर गवतात गिरिपुष्पाची झाडं लावली. माळावर झाडं लावायची ही हौस कुणाची, हे एकदा विचारा. झाडीत माळढोक राहत नाही, हे आमच्या पोरालाही कळतं. बरं, माळावर लांडगा आहे. तो आमची कोकरं नेतो, तरी आम्ही राहतोच ना त्याच्या शेजारी?

उत्तर_सोलापूरकर:
गिरिपुष्पाबद्दल +१. ती झाडं काढणं हे पहिलं काम, त्याला कुणाची जमीनही लागत नाही.
@पाखरू, बंदी सगळीकडची उठवा असं म्हणत नाही. सरकारी माळ कडक राखा, तारा आणि प्लॉटिंग तिथं नकोच. खाजगी रानात मात्र पोलिसी चालत नाही. पाटील, उसाइतके पैसे कुणी देणार नाही, मान्य. म्हणून बागायत सोडा, माळाला लागून असलेली कोरडवाहू पट्टी तेवढी धरा.

पाखरू:
पट्टी कोण मोजणार? तलाठी?

करमाळ्याचा_पाटील:
कोणीबी मोजा. करार पाच वर्षांचा लेखी पाहिजे, पैसे पेरणीआधी खात्यात, आणि सातबाऱ्यावर कसलीही नोंद नको. मग मी तीन एकर देतो. सातबाऱ्याला हात लावला की विषय संपला.