शब्दचर्चा : ‘दुर्बिणीतून गाठ काढणे’ आणि ‘विच्छेदन’

प्रश्न : मावशीच्या गुदाशयात ८ मिलिमीटरची न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘दुर्बिणीतून काढू.’ शेजारच्या काकूंचं पित्ताशय ‘दुर्बिणीतून’च काढलेलं, त्यामुळे मावशीला वाटलं, पोटाला भोकं पडणार. त्यात कागदावर ‘अधःश्लेष्मल विच्छेदन’. ते वाचून ती रडायलाच लागली. याला साधे शब्द आहेत का?

उत्तर : ताई, लॅपरोस्कोप आणि एंडोस्कोप, दोघांनाही आपण दुर्बीणच म्हणतो, घोळ तिथेच होतो. काकूंची दुर्बीण पोटाला छिद्रं पाडून गेली, मावशींची गुदद्वारातून जाईल. पोटावर एकही टाका पडणार नाही, हे त्यांना आजच सांगा.

‘विच्छेदन’ म्हटलं की मराठी कानाला शवविच्छेदन ऐकू येतं. रुग्णासमोर हा शब्द नकोच. मी ‘सोलून काढणे’ म्हणेन, कारण कृती तीच आहे. गाठीखाली द्रव टोचतात, अस्तर पुरीसारखं फुगतं. मग विजेच्या बारीक सुरीने कडेने चीर देऊन खालचा थर हळूहळू सोडवतात. गाठ अखंड हाती येते. ही ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन), म्हणजेच कागदावरचं ‘अधःश्लेष्मल’, अस्तराखालचं, विच्छेदन. दुसरी पद्धत ईएमआर (एंडोस्कोपिक म्यूकोसल रिसेक्शन). तिच्यातही सहसा द्रव टोचतात, पण पुढे तारेचा फास आवळून कापतात. तिथे ‘खुडणे’ शोभतं. खुडणं झटपट होतं, मात्र २ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ बहुधा तुकड्यांनी निघते आणि पुन्हा उगवण्याची शक्यता वाढते. सोलायला वेळ जास्त लागतो, आतड्याला भोक पडण्याचा धोकाही थोडा अधिक.

प्रश्न : मग ८ मिलिमीटरची का नाही खुडत?

उत्तर : ही गाठ अस्तराखालच्या थरात उतरलेली असते. वरवर खुडली तर बुडखा राहू शकतो. म्हणून सोलतात, नाहीतर गाठ दुर्बिणीच्या टोपणात ओढून बुडाशी रबरी कडी चढवतात आणि कडीच्या खालून फासाने कापतात. एवढ्या लहान गाठीला कडीची पद्धतही चांगली, आणि वेळ कमी लागतो.

आणखी एक : ‘टेम’ (ट्रान्सएनल एंडोस्कोपिक मायक्रोसर्जरी) ही पद्धत यात मिसळू नका. जर्मनीतले शल्यविशारद गेर्हार्ड ब्युस यांनी ती १९८०च्या दशकात आणली. गुदद्वारातून ४ सेंटिमीटर रुंदीची नळी घालून भिंतीची पूर्ण जाडी कापता येते, मग आतून टाके घालतात. तिला ‘गुदमार्गी शस्त्रक्रिया’च म्हणावं.

प्रश्न : आणि ‘एन ब्लॉक’?

उत्तर : ‘अखंड’. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना एवढंच विचारा : गाठ अखंड निघाली का, आणि कडा नि बूड साफ आहे का, म्हणजे तिथे गाठीच्या पेशी नाहीत ना?