इलेक्ट्रॉन खरंच आहे, की नुसता कामाचा आहे?

उंटावरचा_शहाणा:
काल मित्राशी जाम वाद झाला. तो म्हणतो थिअरीने उत्तर बरोबर दिलं की झालं, इलेक्ट्रॉन "खरंच" आहे का हे विचारायचं कशाला, आणि याला म्हणे प्रॅग्मॅटिझम म्हणतात. मला पटत नाही. काहीतरी खरं असल्याशिवाय उत्तर बरोबर येईलच कसं? की मीच भाबडा?

गणपुले_नाही:
थोडा भाबडा आहेस :) कार्नो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये इंजिनाचं गणित मांडलं तेव्हा उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा द्रव असतो असंच धरलं होतं, तो द्रव निघाला खोटा आणि गणिताचा गाभा आजही शिकवतात. त्याहून भारी ल व्हेरिए, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. युरेनस हिशोबाप्रमाणे चालेना म्हणून त्याने कागदावरच नवा ग्रह काढला, आणि १८४६ मध्ये दुर्बिणीतून नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून जेमतेम एक अंशावर. मग बुधाची कक्षा पण हिशोबापेक्षा किंचित जास्त सरकतेय म्हटल्यावर परत तीच युक्ती, व्हल्कन नावाचा ग्रह, काही जणांनी तो "पाहिला" सुद्धा (!!) आणि तो नव्हताच. शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो घोळ १९१५ मध्ये आइनस्टाइनने मिटवला, ग्रहबिग्रह न लागता.

कडू_कारलं:
बरं, पण अणूचं काय? भौतिकशास्त्रज्ञ माखला अणू म्हणजे नुसती हिशोबाची सोय वाटायची, रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड पण त्याच गटातला. मग पेरँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पाण्यात हलणारे बारीक कण मोजून अॅव्होगॅड्रोचा आकडा (पदार्थाच्या ठराविक मापात किती कण असतात तो) काढला, इतरांनी पार वेगळ्या वाटांनी काढला, आणि सगळे साधारण एकाच ठिकाणी आले. ओस्टवाल्डने १९०९ मध्ये अणू मान्य केला. नुसती सोय असती तर इतके आकडे जुळले असते का? माख मात्र शेवटपर्यंत ढिम्म.

वाचनमात्र:
एक दुरुस्ती. तुझा मित्र प्रॅग्मॅटिस्ट नाही, इन्स्ट्रुमेंटलिस्ट आहे, म्हणजे थिअरीला नुसतं हिशोबाचं हत्यार मानणारा. प्रॅग्मॅटिझम सुरू केला पर्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने, आणि तो १८७८ मध्येच लिहून गेलाय की शोध घेणारे सगळे शेवटी ज्यावर एकमत होतील ते सत्य, आणि त्यात जे सांगितलंय ते खरोखरचं. म्हणजे "चालतंय ना, बस" असं तो म्हणतच नाहीये. विल्यम जेम्स या दुसऱ्या प्रॅग्मॅटिस्टने पुढे ते बरंच सैल केलं, तिथून हा गोंधळ.

उंटावरचा_शहाणा:
मित्राला सांगितलं. म्हणतो, व्हल्कन शोधत बसले ते तुझे रिअलिस्टच ना, थिअरीतल्या गोष्टी खरंच असतात म्हणणारे?

कडू_कारलं:
हो. नेपच्यून शोधायला बसले ते पण.